शेजाऱ्याचा शब्द : राउटर एकमेकांवर विश्वास कसा ठेवतात

ज्ञान कुठून येतं आणि त्यावर विसंबायचं कधी, हा आपला नेहमीचा प्रश्न. आज त्याच्याकडे अशा बाजूने बघू, जी तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा येत नाही. संगणकांच्या मोठ्या जाळ्यांत राउटर नावाची यंत्रं असतात. ती एकमेकांना रस्ते सांगतात, आणि रस्ते बदलले की तेही सांगतात. याला डायनॅमिक राउटिंग म्हणतात. विषय इंजिनिअर मंडळींचा आहे हे खरं, पण त्याच्या पोटात प्रश्न आपलाच आहे : आपण स्वतः न पाहिलेली गोष्ट शेजाऱ्याने सांगितली, तर ती खरी मानायची का? आणि मानायची तर कशाच्या जोरावर?

सुरुवातीला दोन घटना बघू. दोन्ही २००८ सालच्या, पंचवीस दिवसांच्या अंतराने घडलेल्या.

पहिली ३० जानेवारीची. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ, भूमध्य समुद्राच्या तळाशी दोन केबल तुटल्या. सी-मी-वी ४ आणि फ्लॅग अशी त्यांची नावं. दोन्ही केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे भारताचं पश्चिमेकडे जाणारं इंटरनेट एकदम मंदावलं. मंदावलं, पण बंद पडलं नाही. जिथे दुसरी वाट शिल्लक होती, तिथे वाहतूक पूर्वेकडे वळली आणि पॅसिफिक महासागर ओलांडून जाऊ लागली. कंपन्यांना जास्तीची क्षमता विकत घ्यावी लागली, ते माणसांनी केलं. पण 'ही वाट गेली, आता त्या वाटेने जा' हा निरोप जगभरच्या राउटरना कुणी बसून कळवला नाही. तो त्यांनी एकमेकांना कळवला.

दुसरी घटना २४ फेब्रुवारीची. त्या दिवशी जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूब सुमारे दोन तास नाहीसं झालं. केबल तुटली नव्हती, यूट्यूबची यंत्रंही शाबूत होती. झालं होतं एवढंच, की एका राउटरने चुकीची गोष्ट सांगितली आणि बाकीच्यांनी ती खरी मानली.

पहिल्या घटनेत ज्याने जाळ्याला तारलं, त्यानेच दुसरीत बुडवलं. शेजाऱ्याच्या शब्दावर चालण्याचा जो गुण आहे, तोच सावरतो आणि तोच फसवतो. आजचा आपला मुद्दा हाच. आता हे घडतं कसं, ते पायरीपायरीने बघू.

राउटरचं काम पोस्टातल्या टपाल छाटणाऱ्यासारखं असतं. माहितीचं एक पुडकं, म्हणजे पॅकेट, येतं. त्यावर पत्ता असतो. राउटरजवळ एक तक्ता असतो : अमुक पत्त्यांसाठी अमुक दिशेला. तक्त्यात बघायचं आणि पुढच्या राउटरकडे ढकलायचं. पूर्ण रस्ता पॅकेटवर लिहिलेला नसतो. प्रत्येक जण फक्त पुढचं एक पाऊल ठरवतो.

मग हा तक्ता भरतो कोण? छोट्या ऑफिसात चार राउटर असतील तर एखादा माणूस हाताने भरून टाकतो. याला स्टॅटिक राउटिंग म्हणतात, आणि तेवढ्यापुरतं ते उत्तम. पण राउटर शेकड्यांनी झाले, की रोज कुठे तरी तार तुटते, कुठे नवी जोडली जाते. माणूस तक्ते दुरुस्त करेपर्यंत परिस्थिती पुन्हा बदललेली असते. म्हणून तक्ते राउटरनीच भरायचे. आता बघा, राउटरला प्रत्यक्ष काय दिसतं? फक्त स्वतःच्या तारा, आणि त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला बसलेले शेजारी. त्यापलीकडचं सगळं जग त्याला ऐकूनच कळतं.

आमच्या न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त. राउटरच्या तक्त्यातला बराचसा भाग शब्दप्रमाणावर उभा असतो. म्हणून आम्ही म्हणतो, की वेगवेगळे राउटिंग प्रोटोकॉल ही एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत : आप्त कोणाला मानायचं?

पहिलं उत्तर सर्वांत साधं आहे. शेजारी सांगेल तो निष्कर्ष घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि पुढे सांगायचा. याला डिस्टन्स व्हेक्टर म्हणतात. गणित बेलमन आणि फोर्ड यांचं, १९५० च्या दशकातलं. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं तेव्हा त्याची राउटिंगची पद्धत याच जातीची होती. पुढे याच पद्धतीचा 'रिप' नावाचा प्रोटोकॉल खूप पसरला. त्याचं अधिकृत वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. रिपमध्ये प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना वाचून दाखवतो.

आता समजा तीन राउटर एका रांगेत आहेत. त्यांना पुणे, सातारा, कोल्हापूर अशी नावं देऊ. सातारा म्हणतो, 'कोल्हापूर माझ्यापासून एका टप्प्यावर.' पुणे त्यात एक मिळवून म्हणतो, 'माझ्यापासून दोन टप्प्यांवर.' इथवर सगळं ठीक. आता सातारा ते कोल्हापूर ही तार तुटली. साताऱ्याला ते लगेच दिसलं, कारण तार त्याची स्वतःची. पण तो ही बातमी देण्याआधी पुण्याचा नेहमीचा निरोप येऊन पोहोचतो : 'कोल्हापूर माझ्यापासून दोन टप्प्यांवर.' साताऱ्याला वाटतं, अरे वा, पुण्याकडून वाट आहे! तो लिहितो : तीन टप्पे, पुण्यामार्गे. मग पुणे ऐकतो, की साताऱ्याचं अंतर आता तीन झालं, म्हणून स्वतःचं चार लिहितो. त्यावर सातारा पाच, पुणे सहा. असं चालूच राहतं. दरम्यान कोल्हापूरला निघालेली पॅकेटं पुणे-सातारा, सातारा-पुणे अशा येरझाऱ्या घालत बसतात. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरपाशी एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. तेवढ्यामुळेच जाळं तुंबून बसत नाही.

याला 'अनंतापर्यंत मोजणं' म्हणतात. रिपने यावर व्यवहारी तोडगा काढला : १६ म्हणजेच अनंत. सोळा झाले की समजायचं, वाट नाही. अर्थात त्याची किंमत अशी, की पंधरा टप्प्यांपेक्षा मोठं जाळं रिपला चालवता येत नाही.

इथे जरा थांबू, कारण खरी गंमत पुढे आहे. पुणे खोटं बोलला का? नाही. त्याने ऐकलं तेच सांगितलं. मग बिघडलं कुठे? साताऱ्याने पुण्याकडून जे ऐकलं, ते मुळात साताऱ्यानेच पुण्याला सांगितलेलं होतं. स्वतःचाच जुना शब्द दुसऱ्याच्या तोंडून परत आला आणि त्याला तो स्वतंत्र पुरावा वाटला. गावातली अफवा अशीच पक्की होते. आपण चौघांना सांगतो, आठवड्याने पाचवा येऊन तीच गोष्ट आपल्यालाच सांगतो, आणि आपण म्हणतो, 'बघा, म्हणजे खरंच असणार!' यावर एक नियम केला गेला, की ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच ते परत सांगायचं नाही. त्याने दोघांमधली फेरी थांबते. पण तिघांच्या त्रिकोणातून फिरून आलेला शब्द या नियमाने पकडता येत नाही.

दुसराही एक दोष आहे. शेजाऱ्याचा नुसता निष्कर्ष घेतला, तर त्याची चूक कळायला मार्ग नसतो. १९७० च्या दशकात अर्पानेटमध्ये हार्वर्डच्या राउटरची मेमरी बिघडली आणि तो सर्वांना सांगू लागला, की कुठेही जायचं असो, माझ्यापासून अंतर शून्य. बाकीच्यांनी विश्वास ठेवला आणि भोवतालची वाहतूक हार्वर्डकडे धावू लागली.

म्हणून दुसरं उत्तर आलं : निष्कर्ष सांगू नका. तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच सांगा, निष्कर्ष आम्ही काढू. याला लिंक स्टेट म्हणतात. इथे प्रत्येक राउटर फक्त आपल्या स्वतःच्या तारांची हकिगत सांगतो : 'माझे हे तीन शेजारी, त्यांच्यापर्यंतचा खर्च असा.' हे निवेदन जसंच्या तसं, कुणीही त्यात भर न घालता, साऱ्या जाळ्यात पसरतं. मग प्रत्येकाजवळ सगळ्यांची निवेदनं जमतात, त्यांतून प्रत्येक जण पूर्ण नकाशा जुळवतो आणि सर्वांत स्वस्त वाट स्वतः काढतो. वाट काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत ती सुचली असं त्यांनीच सांगितलं आहे. ती छापून आली १९५९ मध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याचं त्याचं प्रत्यक्ष शब्दाने सगळ्यांपर्यंत पोहोचतं आणि अनुमान प्रत्येक जण आपापलं करतो. ऐकीव गोष्टीवरची ऐकीव गोष्ट इथे संपली.

अर्पानेटने १९७९ मध्ये ही पद्धत घेतली. पण लगेच, २७ ऑक्टोबर १९८० रोजी, सारं अर्पानेट काही तासांसाठी ठप्प झालं. हा किस्सा मुद्दाम सांगायला हवा, कारण यात कुणीही चुकीचं पाहिलेलं नव्हतं आणि कुणी खोटंही बोललं नव्हतं.

निवेदन जुनं की नवं हे कळावं म्हणून त्यावर क्रमांक असायचा, ० ते ६३. त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य, म्हणजे घड्याळासारखं वर्तुळ. घड्याळात बारानंतर एक येतो, तरी एक 'पुढचा'. तसंच इथे : वर्तुळावर जो क्रमांक अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो नवा. त्या दिवशी एका राउटरच्या हार्डवेअरमध्ये बिघाड होऊन बिट गळू लागले, आणि एकाच राउटरची तीन निवेदनं जाळ्यात फिरू लागली. क्रमांक होते ४४, ४० आणि ८. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळला की १०१००० म्हणजे ४०, आणखी एक गळला की ००१००० म्हणजे ८.

आता नियम लावून बघा. ४४ हा ४० पेक्षा नवा, चारने पुढे. ४० हा ८ पेक्षा नवा, बत्तीसने पुढे, म्हणजे बरोबर अर्धी फेरी, आणि तेवढी नियमात बसत होती. आणि ८ हा ४४ पेक्षा नवा, कारण ४४ पासून शून्य ओलांडून ८ पर्यंत अंतर फक्त २८. म्हणजे दगड-कागद-कात्रीचा खेळच झाला! तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्या एकापेक्षा नवा. मग प्रत्येक राउटर आलेलं निवेदन नवं समजून जुनं पुसायचा आणि नवं पुढे पाठवायचा, परत परत, न थांबता. राउटर याच कामात इतके गुंतले, की दुसरं काही करायला त्यांना सवड उरली नाही.

या घटनेचा अहवाल एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिला, आणि आजही तो वाचला जातो. शिकायचं काय, तर साक्षीदार प्रामाणिक असणं पुरत नाही. साक्ष वाटेत आणि साठवणीत शाबूत राहिली पाहिजे, आणि तिला वय असलं पाहिजे. नंतरच्या 'ओएसपीएफ' या प्रोटोकॉलमध्ये हे सगळं आलं. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची, आणि आज चालते तिचं वर्णन १९९८ चं. त्यात क्रमांक वर्तुळात फिरत नाहीत, सरळ वाढत जातात. प्रत्येक निवेदनावर तपासणीची बेरीज असते. आणि निवेदन एक तासाचं झालं की बाद. म्हणून ते दर अर्ध्या तासाने पुन्हा सांगावं लागतं. न्यायालयात नसेल, पण ओएसपीएफमध्ये जुन्या साक्षीची मुदत संपते!

मग लिंक स्टेट सगळीकडेच का नाही? कारण त्यासाठी प्रत्येकाने आपल्या घरातली मांडणी सर्वांना उघड करावी लागते, आणि ती सगळी प्रत्येकाने लक्षात ठेवावी लागते. एका विद्यापीठाच्या किंवा एका कंपनीच्या जाळ्यात ते चालतं. तिथेही जाळं वाढलं की त्याचे विभाग पाडावे लागतात. पण इंटरनेट म्हणजे सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी. कोणी व्यापारी, कोणी सरकारी, कोणी एकमेकांचे स्पर्धक. इथे कोणी आपलं घर दाखवणार नाही. आणि इथे प्रत्येकाला जवळची वाटच हवी असते असंही नाही. ज्याला पैसे द्यावे लागत नाहीत, अशी लांबची वाटही पसंत पडते.

या जगासाठी तिसरं उत्तर आहे : बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एक बैठक होती. तिथे जेवणाच्या टेबलावर कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा आराखडा कागदी नॅपकिनांवर लिहिला. बीजीपीत प्रत्येक स्वतंत्र जाळ्याला एक क्रमांक असतो. बातमी देताना नुसतं 'तिकडे वाट आहे' म्हणून भागत नाही, ती कुणाकुणाच्या तोंडून आली ती सगळी साखळी सोबत द्यावी लागते. साखळीत स्वतःचाच क्रमांक दिसला तर राउटर ओळखतो, की हा माझाच शब्द फिरून आला, आणि ती बातमी टाकून देतो. पुणे-साताऱ्याचा रोग इथे साफ बरा झाला. तिघांचा त्रिकोण असो की तीसांचा, परंपरा नोंदवलेली असली की अफवा स्वतःलाच पुरावा म्हणून देऊ शकत नाही.

आता यूट्यूबकडे परत जाऊ. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात एक खोटी वाट टाकली : यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे आहेत. हेतू असा, की पॅकेटं तिथे यावीत आणि टाकून दिली जावीत. ही बातमी देशातच राहायची होती. पण ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे गेली, तिने ती न तपासता पुढे दिली आणि ती जगभर पसरली.

पण यूट्यूबची खरी बातमीही जगाजवळ होतीच की! मग लोकांनी खोटी का निवडली? हे कळायला आपल्या पिनकोडची मदत घेऊ. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आली, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. टपाल खात्यात काम केलेले हे गृहस्थ संस्कृत कवीही होते. समजा छाटणाऱ्यासमोर दोन सूचना आहेत. '४११ ने सुरू होणारी पत्रं पुण्याच्या थैलीत' आणि '४११०३० ची पत्रं या वेगळ्या थैलीत'. सदाशिव पेठेचं पत्र आलं तर तो दुसरी सूचना पाळेल, कारण ती जास्त नेमकी. राउटरही हेच करतो. यूट्यूब १०२४ पत्त्यांचा एक गठ्ठा जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलेच २५६ पत्ते वेगळे जाहीर केले. ते जास्त नेमके, म्हणून जिंकले. ग्रीनविच वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी हे सुरू झालं. ८ वाजून ७ मिनिटांनी यूट्यूबनेही तेच २५६ पत्ते जाहीर केले, आणि ८ वाजून १८ मिनिटांनी त्याहून नेमके, १२८-१२८ चे दोन भाग. शेवटी ९ वाजून १ मिनिटाने पीसीसीडब्ल्यूने ती वाट मागे घेतली.

इथे बीजीपीची साखळी काही कामाची ठरली नाही, कारण साखळी खरीच होती. बातमी कुणाकुणाकडून आली ते स्पष्ट दिसत होतं. फक्त एक प्रश्न कुणी विचारला नव्हता : या पत्त्यांबद्दल बोलण्याचा या माणसाला अधिकार काय?

मीमांसक आणि नैयायिक यांचा एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वतःहूनच प्रमाण धरायचं. बाधक काही पुढे आलं तरच सोडायचं. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे बाहेरून, दुसऱ्या कशाने तरी ठरावं लागतं. हे परतःप्रामाण्य. बीजीपी जन्माने मीमांसक आहे : जे ऐकलं ते खरं, जोवर कुणी खोडत नाही. गेल्या दीड दशकात त्याला न्यायाचा अभ्यास करायला बसवलं आहे. आरपीकेआय नावाची व्यवस्था आली. पत्ते वाटणाऱ्या संस्था आहेत, आपल्या आशिया-पॅसिफिक भागासाठी एपनिक आहे. त्यांच्या आधाराने पत्त्यांचा मालक डिजिटल सहीचा दाखला काढतो : हे पत्ते अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच जाहीर करावेत, आणि इतकेच बारीक भाग पाडून करावेत. राउटर आलेली बातमी या दाखल्याशी ताडून पाहतो. दाखल्याच्या विरुद्ध असेल तर नाकारतो.

यानेही सगळं सुटलं असं समजू नका. हा दाखला मुळात बोलणारा कोण ते तपासतो, मधली साखळी खरी की बनावट ते नाही. आणि ज्या पत्त्यांसाठी दाखलाच काढलेला नाही, त्यांची बातमी आजही सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. नाकारली तर जगाचा मोठा भाग अंधारात जाईल. म्हणजे नैयायिकाच्या घरात मीमांसकाला अजून एक खोली ठेवावीच लागते. आम्हाला विचाराल तर यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक शब्द तपासूनच पुढे जायचं असं ठरवलं, तर जानेवारीत केबल तुटली तेव्हा नवी वाट वेळेवर सापडलीच नसती.

तेव्हा शेजाऱ्याचा शब्द सोडता येत नाही. राउटरला नाही आणि आपल्यालाही नाही. आपल्या जन्माची तारीखसुद्धा आपण ऐकूनच सांगतो. पन्नासेक वर्षांत या यंत्रांच्या कर्त्यांनी धक्के खात खात चार प्रश्न विचारायला शिकून घेतलं. हे तू स्वतः पाहिलंस, की कुणाचा निष्कर्ष सांगतोस? ते कधीचं आहे? कुणाकुणाकडून फिरून आलं, आणि त्यात मीच तर नाही ना? आणि हे सांगण्याचा तुला अधिकार काय? मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी आपण यातला एखादा जरी विचारला, तरी आजचं बोलणं कारणी लागलं.

पुढच्या व्याख्यानात उपमानाकडे वळू : न पाहिलेली वस्तू पाहिलेल्या वस्तूच्या सारखेपणावरून कशी ओळखता येते. आज इथे थांबू.